कुणीही चालेल

अडीच वर्षांच्या राजनंदिनीच्या तोंडी सध्या एकच शब्द होता: शी. खाली पडलेलं बिस्किट शी, दुसऱ्याची बाटली शी. शिकवणारी तिची आईच. तनुजाच्या पर्समधलं सॅनिटायझर कधी संपायचं नाही, अन् पाळणाघरातून फोन येईल म्हणून ऑफिसात अर्धं लक्ष मोबाइलवर.

ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत ती एचआरला होती. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या बावीस जणांना कंपनी बँकॉकला नेणार होती. एका खोलीत दोघं. कोण कुणासोबत, ही यादी संध्याकाळी पाचच्या आत हॉटेलला जायची होती. तिनं सगळ्यांना फॉर्म पाठवला होता: रूम पार्टनर म्हणून तीन नावं लिहा.

एकवीस जणांनी त्रेसष्ट नावं लिहिली. त्यात लासूर स्टेशनकडची विक्री पाहणाऱ्या संघपालचं नाव एकदाही नव्हतं. विक्रीत पहिला आलेला माणूस! त्यानं स्वतः एवढंच लिहिलं होतं: कुणीही चालेल.

राहून गेलं असेल, असं वाटेपर्यंत फोन सुरू झाले.

"मॅडम, तो लई घोरतो म्हणे."

"कुणी ऐकलं?"

"म्हणतात ना!"

बावीस जणांतल्या बद्रीनाथला तर जादा पलंग हवा होता. "आम्ही तिघं एका खोलीत राहतो, मॅडम. दाटीवाटीनं काय होतंय?"

शेवटी बावीस जणांतलेच एक, सेल्सचे प्रमुख शिवराज स्वतः आले. सकाळी टपरीवर संघपालच्या खांद्यावर हात टाकून चहा पिताना तिनं त्यांना पाहिलं होतं.

"त्याला एकट्याची खोली देऊन टाका. पहिला आलाय, मान म्हणून द्यायची. खूश होईल. आणि सोनेरी बुद्धाचं मंदिर पहिल्याच दिवशी ठेवा. सगळ्यांना पांढरे शर्ट. फोटो लई भारी येतात."

"सर, पण त्याच्यासोबत राहायला अडचण काय आहे?"

"तुम्ही आपल्यातल्याच. तुम्हाला काय सांगायचं?"

ते हसले. हा 'आपल्यातल्या' शब्द तनुजानं माहेरीही ऐकला होता, सासरीही. आणि दोन्हीकडं गप्प बसली होती.

तिचं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपणार होतं, तेही शिवराजच्याच सहीनं. तरी तिनं सगळे फॉर्म बाजूला सारले आणि नावांच्या अकारविल्हे क्रमानं जोड्या लावल्या. अभय आणि कडुबा पहिले. शिवराज आणि संघपाल शेवटचे. यादी ग्रुपवर टाकली.

पंधरा मिनिटांत संघपाल दारात.

"मॅडम, मला एकट्याचीच द्या. मी घोरतो असं लिहा."

"घोरता?"

"बायको तरी नाय म्हणत." तो हसला. "शाळेच्या सहलीपासून घोरतोय मी, मॅडम. सवय आहे. तुमचं लेकरू लहान आहे, कशाला उगा वाकड्यात शिरता?"

"खोटं मी लिहिणार नाही."

पाचला दहा कमी असताना शिवराजचा मेसेज आला: आईची तब्येत अचानक बिघडली, माझं नाव कमी करा.

त्यांची आई सारजाबाई गारखेड्यात तनुजाच्याच गल्लीत राहायच्या. तिनं फोन लावला.

"मला?" पलीकडून खणखणीत आवाज. "मला काय धाड भरलीय? वेरूळला दर्शनाच्या रांगेत उभी आहे, माय!"

तनुजानं फोन ठेवला. यादीत एकवीस नावं उरली. दहा खोल्या भरलेल्या. अकराव्या खोलीत दोन पलंग आणि संघपाल एकटा. पाचला तिनं तीच यादी हॉटेलला पाठवली. शिवराजना हवं तेच झालं होतं, आणि तेही तिच्याच हातून.

पाळणाघरात राजनंदिनी चटईवर खेळत होती. एक छोटी मुलगी येऊन शेजारी टेकली. राजनंदिनीनं तिला दोन्ही हातांनी ढकललं.

"शी!"

"कित्ती गोड बोलते!" सांभाळणाऱ्या पारूबाई हसल्या.

तनुजाला हसू आलं नाही. चपला काढून ती चटईवर बसली. ढकललेल्या मुलीला उचलून तिनं लेकीच्या अगदी शेजारी बसवलं. राजनंदिनीनं भोकाड पसरलं. एरवी तिच्या एका शिंकेनं कासावीस होणारी तनुजा तिथंच बसून राहिली, आणि तिनं तिला रडू दिलं.