बाबांचं नाक

"घे. घाई करू नकोस," असं म्हणत बाबांनी भिजवलेल्या पिठाचं पातेलं माझ्या नाकाखाली धरलं.

मी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि अत्तराच्या दुकानातल्या बड्या गिऱ्हाइकासारखा लांब श्वास ओढला. आत काही म्हणजे काहीच गेलं नाही. दोन दिवसांपासून माझं नाक गच्च बंद होतं.

"हं?"

"मस्त!"

"नक्की?"

"अहो बाबा, नक्की."

"काल पिठाची नवी गोणी फोडली आहे, म्हणून विचारतो. नक्की ना?"

"मी काय आज पहिल्यांदा वास घेतेय? एकदम मस्त."

बाबा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि अंडी फोडायला घेतली.

बाबा वृद्धाश्रमात सकाळच्या न्याहारीचे स्वयंपाकी. बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांना ताप आला, आठवड्याने उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. गेला तो परत आलाच नाही. हे मला कळलं ते एका रविवारी. गॅसवर दूध करपून कोळसा होत होतं आणि त्याच्या शेजारी उभे राहून बाबा मला विचारत होते, "आज किती प्रसन्न वाटतंय, नाही?" त्या दिवशी त्यांनी मला शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. वास न येणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात कोण ठेवणार?

तेव्हापासून रोज पहाटे मी गणवेश घालून त्यांच्या सायकलवर मागे बसते. दूध, लोणी, एकेक अंडं, सगळं हुंगते आणि मग शाळेत जाते. वाढणाऱ्या मावशींना वाटतं, काय गुणाची पोरगी, बापाला मदत करते!

बुधवारी पॅनकेक असतात, बाबांच्या आईच्या पद्धतीचे. संध्याकाळी मैदा, दूध आणि चिमूटभर यीस्ट कालवून झाकून ठेवायचं, सकाळी त्यात अंडी आणि वितळलेलं लोणी घालायचं. आश्रमातले आजी-आजोबा बुधवारची वाट बघतात. पण नव्या विश्वस्तांच्या डोक्यात खोक्यातलं तयार पीठ बसलं होतं. पाणी घाला, ढवळा, झालं. मग स्वयंपाक्याची गरजच काय, चमचा धरता येणारं कुणीही चालेल. व्यवस्थापक बाईंनी बाबांची बाजू लावून धरली, तेव्हा विश्वस्त म्हणाले, "बरं, बुधवारी येऊन खातो. मग ठरवू."

तो बुधवार म्हणजे आजचा.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सर्दीचं बोलले असते तर बाबांनी ते सगळं पीठ ओतून दिलं असतं आणि विश्वस्तांपुढे पाव-जॅम ठेवला असता. म्हणजे विषयच संपला. शिवाय गेल्याच महिन्यात मी वर्गप्रतिनिधीची निवडणूक एकवीस मतांनी जिंकले होते. मी ठामपणे बोलले की तसं होतं, असं मला हल्ली वाटायला लागलं होतं. वर्षभरात पीठ एकदाही बिघडलं नव्हतं. आजच का बिघडेल?

तरी बाबांची पाठ वळली की मी किटलीच्या वाफेवर तोंड धरत होते. मागच्या दाराबाहेर जाऊन कान दुखेपर्यंत नाक शिंकरलं. उघड ना रे बाबा, एकदाच, एका श्वासापुरतं उघड! काही नाही. नाकाच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवल्यासारखं झालं होतं.

आठ तव्यांवर पॅनकेक फुगत होते. रंग तर असा सोनेरी की मला माझाच अभिमान वाटला. मावशी पलीकडे टेबलं मांडत होत्या, म्हणून पहिला ट्रे मीच घेऊन गेले. विश्वस्तांना वाढलं. त्यांच्या शेजारच्या आजींना वाढलं. या आजी नेहमी सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात करतात. त्यांनी घाईघाईने दोन घास गिळले. विश्वस्तांनी पहिला घास तोंडात घातला आणि तसाच रुमालात काढला.

"रॉकेल!"

"काय?" मी म्हटलं.

"अगं पोरी, रॉकेल! मारायला निघालात का आम्हाला?"

मावशी धावत आल्या, ट्रेवर वाकल्या आणि ओरडल्या, "अगंबाई! कुणी खाऊ नका! ठेवा, ठेवा ते खाली!" एक आजोबा म्हणाले, "काडी लावा, चांगलं पेटेल." कुणी हसलं नाही, कारण तेवढ्यात त्या आजींना उलटी झाली. मग दुसरी. मी ट्रे घेऊन तशीच उभी.

डॉक्टर आले. आजींना काही होणार नाही म्हणाले, दिवसभर लक्ष ठेवा. पिठाची गोणी टेम्पोत रॉकेलच्या गळक्या डब्याशेजारी ठेवून आणली असणार. व्यवस्थापक बाई स्वयंपाकघरात आल्या, गोणीत हात घालून त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"हा वास तर रस्त्यावरून जाणाऱ्याला येईल. तुम्हाला कसा आला नाही?"

बाबा म्हणाले, "मला वास येतच नाही. वर्ष झालं."

"वर्ष? मग वर्षभर कसं चालवलंत?"

मी पुढे झाले. "बाई, मी..."

"तू शाळेत जा," बाबा म्हणाले. मग बाईंकडे वळून शांतपणे म्हणाले, "अंदाजाने चालवलं."

अंदाजाने! मीठसुद्धा काट्यावर तोलून घालणारा माणूस हा. बाईंचा चेहरा बघवत नव्हता. ज्या माणसासाठी त्या भांडल्या, तो वर्षभर म्हाताऱ्यांच्या ताटात अंदाजाने काहीही घालत होता, असंच त्यांना वाटलं असणार.

"उद्यापासून येऊ नका. मावशीच करतील. खोक्यातलं."

त्या गेल्यावर मी रडायला लागले. "बाबा, मला सर्दी झालीय. मला काहीच वास आला नव्हता. मी थाप मारली."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"परवापासून शिंकतेयस. माझं नाक गेलंय गं, कान नाही गेले."

"मग पीठ टाकलं का नाही तुम्ही?"

बाबांनी नळ सोडला. पहिला तवा पाण्याखाली धरला.

"तू मस्त म्हणालीस," ते म्हणाले. "मला तेवढंच ऐकायचं होतं."

शाळेची घंटा कधीच होऊन गेली होती. मी फडकं घेतलं आणि ते धूत गेले तसे मी तवे पुसत गेले. बाबांनी प्रत्येकाला आतून तेलाचं बोट फिरवलं, गंज चढू नये म्हणून. मग आठही तवे ओळीने शेगड्यांवर मांडले, दांडे डावीकडे. बाबा डावखुरे. बारा वर्षं ते दांडे असेच डावीकडे.

हात पुसून ते दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले. एकेक करत त्यांनी सगळे दांडे उजवीकडे वळवले. मावशींच्या हाताला येतील असे.