जोडीला आणली सवत

मी एक जुनी गाडी बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, रागात बोलतेय. गोड गळ्यानं कुणाची कहाणी ऐकायची असेल तर एखाद्या फाटक्या छत्रीला नाहीतर शाळेतल्या बाकाला गाठा. त्यांना सवय आहे.

नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक लगेच किंमत विचारतात. दोन सीटांची, कापडी टपाची, बुटकी, फिकट हिरवी, एवढ्यावर भागवा. माझे सुटे भाग इंग्लंडात घडले, खोक्यांत भरून बोटीनं आले आणि सिडनीत जोडले गेले. पहिला मालक लोकरीचा दलाल. त्यानं मला बुरा नावाच्या गावाकडच्या खडीच्या रस्त्यांवरून मेंढरांमागं पिटाळलं. तो थकल्यावर मी त्याच्या गहू पिकवणाऱ्या भाच्याकडं गेले, आणि त्यानं मला पत्र्याच्या शेडमध्ये ढकलून दार लावून घेतलं. तिथं कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी मला निदान वापरलं.

त्या शेडमधून मला बाहेर काढलं वॉरिक नॉस्केनं. अॅडलेडजवळच्या टेकड्यांतल्या लोबेथलचा राहणारा, शाळेत सुतारकाम शिकवणारा तरुण. ग्लेनिसशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. दोघांनी मिळून माझा खिळा न् खिळा सुटा केला. तो माझ्या पोटाखाली झोपायचा, ती उजेडाला बॅटरी धरायची, गंज खरवडायची, चहा करायची. कोंबड्यांनी सीटची चाळण केली होती, तर ग्लेनिसनं आईच्या शिलाई मशीनवर सुया मोडत मोडत नवं कातडं शिवलं. टाके जरा वाकडे आहेत. मला ते फार प्रिय आहेत.

आणि हाच वॉरिक पुढं जुन्या गाड्यांच्या क्लबात छाती काढून सांगायचा, "हिला मी एकट्यानं उभी केली." माझा पहिला राग तिथला. पुढं पुष्कळ साचले.

तरी ते दिवस बरे होते. कामाला एक पांढरी लांबोडी गाडी होती. कुत्र्याचा वास, मुलांचे ओले मोजे, डिकीत करवती आणि बटाट्याची पोती. ती गरीब बिचारी सोमवार ते शनिवार राबायची आणि रविवार माझा असायचा. सकाळी टप मागं टाकायचा, चोक ओढायचा, की निघालो आम्ही माउंट टॉरेन्सवरून बर्डवुडला. तिथं बेकरीतली खिम्याची गरम पेस्टी, थर्मासातला चहा, आणि घरी.

माझ्यात रेडिओ नाही. वारा एवढा की ओरडूनच बोलावं लागतं, आणि ओरडायचंच तर माणूस उगाच काहीबाही बोलत नाही. वॉरिकचे वडील गेले तेव्हा तो त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बोलला तो माझ्यात. मुलगी शिक्षण सोडते म्हणाली, त्याचं भांडण माझ्यात झालं आणि माझ्यातच मिटलं. घरात ही दोघं टीव्हीकडं तोंड करून बसायची. त्यांचं बोलणं रविवारी, माझ्या दोन सीटांत. मला याचा अभिमान होता, अजून आहे.

मग एका संध्याकाळी चार्ल्स्टनच्या वळणावर पांढरीसमोर कांगारू आला. वॉरिकला खरचटलंसुद्धा नाही. पांढरी भंगारात गेली. तिच्यासाठी कुणी दोन शब्द बोललं नाही, म्हणून मी बोलते. चांगली बाई होती.

आता रोजच्या वापराला नवी गाडी घ्यायची. गॅरेजचं दार उघडंच असायचं आणि स्वयंपाकघर पलीकडं, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं.

ग्लेनिस तेव्हा वुडसाइडच्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करत होती. मोठाली पातेली उचलून तिची पाठ गेलेली. ती म्हणाली, "हे बघ वॉरिक, मला पाठ टेकून नीट बसता येईल अशी एक साधी गाडी आण. सामान मावू दे, नातवाची सीट बसू दे. रंग कुठलाही चालेल."

"साधी म्हणजे कंटाळवाणी," वॉरिक म्हणाला. "गॅरेजात राणी आणि दारात गाढव बांधायचं?"

"इतकी वर्षं गाढवच होतं. काय बिघडलं?"

"अगं, रोज चालवायची ती मजेची नको? आपल्या राणीला शोभेल अशी जोड हवी."

त्याचा मित्र नेव तिथंच बसलेला. क्लबातला, वळवळ्या जिभेचा, दुसऱ्याच्या घरचा केक आपलाच समजणारा. "बरोबर बोलतोय तो, ग्लेनिस," नेव म्हणाला. "दारं चार, डिकी मोठी, आणि पाय दाबला की पोटात गोळा. सगळं एकात मिळतं आता."

"तुझ्या पोटात गोळा यायला गाडी कशाला? तू माझा अख्खा केक संपवलायस," ग्लेनिस म्हणाली. नेव हसला आणि उरलेला तुकडाही उचलला.

पुढं जे झालं ते सांगताना आजही तळपायाची आग मस्तकात जाते. वॉरिक गाड्या बघायला निघाला तो मला घेऊन. प्रत्येक दुकानात नवी गाडी माझ्या शेजारी उभी करायची, दहा पावलं मागं जायचं, मान तिरकी करायची आणि फोटो काढायचा. दोघी एकत्र कशा दिसतात ते बघायला. मुलगी पाहायचा कार्यक्रम, आणि तो पाहायला थोरल्या बायकोलाच नटवून नेलेलं. त्यांतल्या एखाद्या गाडीत ग्लेनिसला बसवून बघावं, हे त्याला एकदाही सुचलं नाही. एक उंच, चौकोनी, मऊ सीटची गाडी होती. तिच्याकडं बघून म्हणाला, "हा चहाचा डबा फोटोत नको."

आली ती लाल. मागं पंख, सीट घमेल्यासारख्या खोल, स्प्रिंग दगडाचे. पहिल्या दिवशी ग्लेनिस तिच्यातून उतरली ती छत धरून, दात आवळून.

"सवय होईल," वॉरिक म्हणाला.

"कुणाला?" तिनं विचारलं. तो टायर बघण्यात दंग होता.

पहिला महिनाभर रविवार माझेच होते. मग एकदा म्हणाला, "आज लाल नेऊ, पाऊस वाटतोय." आभाळात ढग औषधालाही नव्हता. पुढच्या वेळी म्हणाला, हिचं इंजिन जरा मोकळं करून आणतो. मग कारण सांगणंही बंद झालं. पहाटे उठायचा, नेवला उचलायचा आणि खिंडीतली वळणं घुमवायला जायचा. ग्लेनिसला विचारायचा, नाही असं नाही. पण त्या दगडावर बसून ती कशी जाणार? "तुम्ही जा," म्हणायची आणि थर्मास घेऊन व्हरांड्यात बसायची. एकटीला थर्मास कशाला लागतो? चहाची किटली आत दहा पावलांवर होती.

माझ्या डोक्यावर चादर आली. चादरीवर धुण्याची टोपली, टोपलीवर नातवाची सायकल. आता मला सांगा, पांढरी गाडी सहा दिवस राबून त्याला माझी ओढ लावायची. लालीनं काय केलं? रोजच हौस भागवली. रोज ताटात बासुंदी वाढल्यावर सणाची वाट कोण बघतं? लालीला मी दोष देत नाही. तिला कुणी विचारून आणलं नव्हतं. ज्यानं जोड म्हणून आणली त्याला हे कळायला नको होतं? शिक्षक ना तो?

आमच्याकडं वसंतात समुद्रकिनाऱ्यापासून बर्डवुडपर्यंत जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून, खाणंपिणं घेऊन बसतात आणि हात हलवतात. आम्ही तिघं कितीतरी वर्षं त्यात जायचो. ग्लेनिस डोक्याला रुमाल बांधून दोन्ही बाजूंना हात हलवायची, राणीसारखा. यंदा वॉरिकनं माझं नाव दिलं, आणि चादर काढली ती मिरवणुकीच्या आदल्या दिवशी.

बॅटरी मेलेली. पेट्रोल शिळं. क्लच गच्च बसलेला, मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले. त्यानं ढकललं, शिव्या घातल्या, चाकाला लाथ मारली. मग नेवला फोन लावला आणि म्हणाला, "हिचं हे नेहमीचं आहे. ऐनवेळी दगा देते."

चोराच्या उलट्या बोंबा. मला तोंड असतं तर तिथंच फाडून खाल्लं असतं त्याला.

दुसऱ्या दिवशी तो घडीच्या खुर्च्या लालीत टाकून ग्लेनिसला मिरवणुकीच्या वाटेवरच्या गुमेराकाला घेऊन गेला. बघायला, नुसतं रस्त्याकडेला बसून. संध्याकाळी दोघं गॅरेजात खुर्च्या ठेवायला आली तेव्हा त्याला कळलं की तिचं काहीतरी बिनसलंय.

"काय झालं? दिवस चांगला गेला की."

"तुझा गेला."

"अगं, एका वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी जाऊ."

"मला मिरवणुकीचं काही पडलेलं नाही, वॉरिक. तू माझ्याशी शेवटचं कधी बोललास?"

"आत्ता बोलतोय ना?"

"काल तू टायरमधल्या हवेबद्दल बोललास. परवाही त्याचबद्दल बोललास. रविवार होता तेवढा एक, तोही तू त्या लाल डब्यात नेवला देऊन टाकलास."

त्यानं खुर्चीची घडी घातली. मग जे म्हणाला ते ऐकून माझं रक्त गोठलं, म्हणजे जे काही शिळं पेट्रोल होतं ते. "तुला त्रास होत असेल तर ही जुनी विकून टाकू. एखाद्या जाणकाराकडं तरी जाईल."

तिनं काय सांगितलं आणि यानं काय ऐकलं. असं ऐकणाऱ्या माणसाशी ती इतकी वर्षं कशी नांदली, ते तीच जाणे.

जाणकार आला. अॅडलेडहून, गुळगुळीत बुटांचा. त्याच्या जेवणाच्या खोलीला काचेची भिंत होती आणि भिंतीपलीकडं गाड्या. "चालवणार नाही मी," त्यानं अभिमानानं सांगितलं. "एक किलोमीटरही नाही. जशी आहे तशी जपणार." वॉरिकनं मान डोलावली, जणू मुलीला चांगलं स्थळ आलंय. मी मात्र मनात म्हणत होते, त्यापेक्षा कोंबड्या परवडल्या. जेवणाऱ्यांना दाखवायला मला जन्मभर काचेमागं उभी करणार, आणि हा माणूस त्याला जपणं म्हणतो.

जाणकारानं दार उघडलं, सीटवरून बोट फिरवलं. "हे मूळचं नाही."

"नाही," वॉरिक ओशाळून म्हणाला. "घरीच शिवलंय. बदलून घेता येईल."

"हो, ते काढून टाकावंच लागेल."

ग्लेनिस चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे माझ्या बॉनेटवर ठेवला. एरवी बॉनेटवर कप ठेवला तर वॉरिक घर डोक्यावर घ्यायचा.

"गाडी विकायची नाहीये," ती पाहुण्याला म्हणाली. "चहा पिऊन जा."

"ग्लेन, आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय. रोजची गाडी कुठली ते तू ठरवलंस, विकायची कुठली तेही तूच. आता एक मी ठरवते. मला कामावर जायला गाडी लागते. ही मी नेणार."

"रोज? हिला? अगं, पावसात गळते ती. आणि जुन्या गाड्यांना क्लबाकडून मिळणाऱ्या सवलतीच्या नंबरावर वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर आणता येते."

"मग साधा नंबर घेईन."

पाहुण्यानं चहा घेतला नाही.

तिनं नेवला बोलावून घेतलं. "आगीत तेल तू ओतलंस, आता ब्रेक तूच सोडव," म्हणाली. आणि तोंडाळ असला तरी नेवनं ते केलं, पुरा शनिवार घालवून, केक न मागता. सोमवारी ती गाड्यांच्या नोंदणी कचेरीत गेली आणि साध्या नंबराच्या पाट्या घेऊन आली. पेचकसानं तिनंच बसवल्या. एक जरा तिरकी आहे.

तेव्हापासून मी रोज वुडसाइडला जाते. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरामागं, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहते. काकाकुवे माझ्यावर घाण करतात. पावसात टप गळतो आणि ग्लेनिस मला यथेच्छ शिव्या घालते. माझे स्प्रिंग म्हातारे आहेत, पण मऊ आहेत. तिची पाठ कुरकुरत नाही. एवढी वर्षं सगळे मला जपत होते, आणि मी आतून कुजत होते. तुमच्याकडं कुणी असं चादरीखाली झाकून ठेवलेलं असेल, गाडी असो नाहीतर माणूस, तर चादर काढा आणि कामाला लावा. हात जोडून सांगत नाहीये. रागानंच सांगतेय.

आज रविवार. सकाळी ग्लेनिसनं टप मागं टाकला तेव्हा वॉरिक फाटकाशी येऊन उभा राहिला. नेव आला नव्हता.

"कुठं निघालीस?"

"बर्डवुडला."

"मी येऊ?"

तिनं डोक्याला रुमाल बांधला. "ये. पण चालवणार मी, आणि तू बोलायचं."

तो डाव्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गुडघे कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. माउंट टॉरेन्सपर्यंत तो तोंडातून शब्द काढेना. मला वाटलं, शोधतोय बिचारा, कशापासून सुरुवात करावी. माझाही राग जरा निवत आला होता. मग त्यानं घसा खाकरला आणि वाऱ्यावर ओरडून म्हणाला, "लालीचे टायर बदलायला झालेत!"

ग्लेनिसनं मला रस्त्याकडेला घेतलं. हँडब्रेक ओढला.

"उतर."

"काय झालं?"

"बेकरी इथून फार लांब नाही. चालत ये. येईपर्यंत दुसरा काहीतरी विषय शोध."

तो उतरला. आम्ही दोघी निघालो.

आता आम्ही बेकरीसमोर उभ्या आहोत. ग्लेनिसनं दोन पेस्ट्या घेतल्या, एक खाल्ली. दुसरी कागदात गुंडाळून डाव्या सीटवर ठेवलीय आणि सारखी हात लावून बघतेय, गरम आहे का. रस्त्याच्या टोकाला तो दिसायला लागलाय. घामेजलेला, खाली बघत चालतोय, ओठ हलतायत. काय म्हणणार आहे ते स्वतःशी घोकतोय बहुतेक. पुन्हा टायरांचा विषय काढला तर मी सुरूच होणार नाही, आणि या वेळी तो खरंच दगा असेल.