चौथा बोल्ट

साहेबांनी तुटलेल्या बोल्टचे दोन्ही तुकडे उचलले आणि माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांवर टेकवून, फिरवून पाहिले.

"अहो साहेब!" मी ओरडले.

"काय झालं, मावशी?"

"आता काय व्हायचं राहिलंय!"

मोडलेली वस्तू हातात आली की माणूस आधी ती जोडून बघतो. कपाचा कान तुटला तरी आपण तेच करतो. पण आमच्या लॅबमध्ये हे पाप. कशाने तुटलं ते तुटलेल्या तोंडावरच लिहिलेलं असतं, आणि एक तोंड दुसऱ्यावर घासलं की सगळं पुसून जातं. बरं, जोडून तरी थांबावं? त्यांनी ते तुकडे ठेवले माझ्या पॉलिशच्या ओट्यावर, जिथे सकाळपासून पांढरी पावडर सांडली होती, आणि तिथून उचलून पुन्हा एकदा जोडून पाहिले. अशी एकामागून एक तीन बोल्टची लग्नं लावली. चौथ्याकडे हात वळला, तशी मी त्याची पुडी उचलून एप्रनच्या खिशात टाकली.

सव्वीस वर्षं मी या लॅबमध्ये धातूचे तुकडे कापते, आरशासारखे घासते, धुते, पुसते. सगळे मला तुकडेवाली मावशी म्हणतात. माझे यजमान याच कारखान्यात प्लेटिंगला आहेत, त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. मी मावशी, ते काका, त्यामुळे कारखान्याने आमचं नातं तरी बरोबर लावलं.

घड्याळकाका का, तर त्यांचं सगळं काम घड्याळावर. बोल्ट ॲसिडमध्ये धुऊन त्यावर जस्त चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. चार तासांच्या आत बोल्ट ओव्हनमध्ये घालून आठ तास भाजले की तो निघून जातो. उशीर झाला तर बोल्ट दिसायला अगदी नवरदेवच, पण कसून आवळला की एक-दोन दिवसांत आपला आपणच कट्कन तुटतो. म्हणून हे जेवताना, बोलताना, शिंकतानासुद्धा मनगटाकडे बघायचे. त्यांच्या विभागात एक काळा फळा आहे. त्यावर लिहिलंय, 'परत आलेला माल', आणि पुढे शून्य. बावीस वर्षं शून्य. दर नवीन वर्षाला हे ते शून्य पुसायचे आणि तिथे पुन्हा शून्यच काढायचे, आधीपेक्षा गोल. मी चेष्टा करायची. पण पाहुणे आले की मीच त्यांना फळा दाखवायला न्यायची.

आता त्या यंत्राबद्दल. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला. पूर्वी असलं यंत्र म्हणजे अख्खी खोली, आणि आमचा तुकडा बाहेरगावी पाठवून पंधरा दिवस वाट बघायची. हा टेबलावर मावतो, दोन सुटकेस एकावर एक ठेवल्यासारखा. मी तुकडा बटणाएवढ्या चकतीवर चिकटवून द्यायचा, यंत्र चालवणाऱ्या मॅडमनी दार लावायचं, पंप गुरगुरतो, आतली हवा निघते आणि दोन-तीन मिनिटांत पडद्यावर केसाच्या शंभराव्या भागाएवढी खाच दिसते. शिवाय समोरचा कण कशाचा बनलाय तेही तो सांगतो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार, पण त्याही म्हणतात, "मावशी, तुम्ही तुकडा नीट दिला नाहीत तर हा आंधळाच." मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

तर ते बोल्ट लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीकडून परत आले होते. त्यांच्या गोदामात चाचणीसाठी आवळून ठेवलेले चार बोल्ट दुसऱ्या दिवशी तुटून पडले. कुणाला लागलं नाही, नशीब. पण दोष कुणाचा ते आम्हाला संध्याकाळच्या आत हवं होतं.

साहेबांनी हाताळलेले तिन्ही बोल्ट मी धुऊन दिले. पडद्यावर तोंड सगळं चेपलेलं, सपाट, आणि मध्ये मध्ये पांढरे कण रुतलेले. यंत्राने सांगितलं, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. मॅडम खुर्चीतून उठल्याच.

"पोलादातच कचरा आहे! तिन्हीत तोच. स्टीलवाल्याचा दोष."

"सुटलो!" साहेब म्हणाले. "रिपोर्ट टाका."

मी पडद्याकडे बघत राहिले. ती माझी पावडर होती. माझ्या ओट्यावरची, पॉलिशची. सव्वीस वर्षं माझ्या नखांत बसलेली पावडर मी ओळखणार नाही? घासताना धातूत रुतली, ती धुऊन थोडीच निघणार! तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात बोल्टांबरोबर आलेली पेटाऱ्याची चिठ्ठी दिसली. जस्त चढवल्याची तारीख सतरा, मंगळवार. त्या मंगळवारी हे घरी येऊन म्हणाले होते, "ओव्हन बंद पडला आज." बस, एवढंच. मी तोंड मिटलं. मी, जिला गप्प बसण्याबद्दल आजवर कुणी बक्षीस दिलेलं नाही!

संध्याकाळी घरी हे बुटांना पॉलिश करत बसले होते. मी समोर स्टूल ओढलं.

"अहो, सतरा तारखेला ओव्हन किती वेळ बंद होता?"

ब्रश थांबला. "का?"

"विचारतेय."

"सात तास." त्यांनी सवयीने मनगटाकडे बघितलं. "पण नंतर मी दुप्पट भाजले. आठाऐवजी सोळा तास. वाटलं, भरून निघेल."

"आणि रजिस्टरमध्ये?"

"ओव्हनमध्ये घातल्याची वेळ लिहिलीच नाही. तो रकाना कोरा ठेवला." ते खाली बघूनच बोलत होते. "खोटं लिहवेना गं."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कणव आली की दोन्ही एकदम कुठे ठेवावं कळेना.

"लिफ्टचे बोल्ट तुटलेत त्यातले. मॅडम म्हणतात, स्टीलचा दोष. पण ते खरं नाही."

"मॅडम शिकलेल्या आहेत. त्या म्हणतात तर असेल." मग आवाज चढला. "तुला काय पडलंय मध्ये? निवृत्तीला तीन महिने राहिलेत माझे. तीन! बावीस वर्षांचं शून्य आहे ते."

"मला माहीत नाही का? पाहुण्यांना मीच दाखवते." मग मी विचारलंच, "त्या दिवशी किती पेटारे होते?"

"तीन."

"तिन्ही एकाच स्टीलचे?"

"नाही. दोन दुसऱ्या स्टीलचे." बूट हातात तसाच. दोष एका स्टीलवर टाकला की तेवढाच पेटारा परत येणार, आणि बाकीचे दोन लिफ्टमध्ये बसणार. माणसांच्या डोक्यावर.

"चौथा बोल्ट माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "कुणीही हात न लावलेला. उद्या मी तो मॅडमना देणार."

बराच वेळ ते बुटाच्या टाचेवर एकाच जागी ब्रश फिरवत होते. मग म्हणाले, "दे. पण नीट साफ करून दे. अर्धवट काही दिसायला नको."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर हे लॅबच्या दारात माझ्या आधी उभे. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, काखेत ते रजिस्टर. मी चौथा बोल्ट कापला, धुतला, वाळवला. आयुष्यात इतका स्वच्छ तुकडा मी दिला नसेल. मॅडमना पावडरचं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, काल का नाही बोललात?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आज बोलतेय."

पंप गुरगुरला. साहेबही आले. पडद्यावर चित्र उमटलं. पांढरा कण औषधालाही नव्हता. खडीसाखर फोडल्यासारखे कोनाकोनाचे खडे, एकाला लागून एक, कडा स्वच्छ. पोलादाचे कण एकमेकांपासून अलगद सुटले होते. हायड्रोजनचं काम असंच असतं.

"भाजायला उशीर झालाय," मॅडम हळूच म्हणाल्या.

"सात तास," हे म्हणाले. सगळे वळले. त्यांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं, साहेबांचंच पेन मागितलं, कोऱ्या रकान्यात वेळ लिहिली आणि शेजारी आजची तारीख घालून सही केली. "तिन्ही पेटारे परत मागवा, साहेब. नुसता एक नाही."

"काका, अहो तुम्ही..." साहेब म्हणाले. "आता तीन महिन्यांसाठी..."

"म्हणूनच," हे म्हणाले. मग पडद्याजवळ जाऊन त्यांनी चष्मा वर केला आणि ते खडे खूप वेळ पाहिले. "बावीस वर्षं ज्याची भीती घातली ना मी सगळ्यांना, तो असा दिसतो होय!"

साहेबांनी लगेच फोन लावला. मॅडमनी कालचा रिपोर्ट मागे घेतला आणि का घेतला ते स्वतःच्या सहीने लिहिलं. पोरगी मला तेव्हापासून जास्तच आवडते. पेटारे चौथ्या दिवशी आले. एकही बोल्ट लिफ्टमध्ये बसला नव्हता. साहेब म्हणाले, फळा तसाच राहू द्या, कोण विचारतंय.

त्याच दुपारी डबा द्यायला गेले तर हे फळ्यासमोर उभे होते. प्लेटिंगची सगळी माणसं हात थांबवून बघत होती. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, ते गोल शून्य कडेकडेने नीट पुसलं, खडू घेतला आणि तिथे एक काढला. जरा मागे सरून पाहिलं. मनाला आला नसावा, म्हणून पुसून पुन्हा काढला, आधीपेक्षा ठळक. मग घड्याळात बघून ओव्हनकडे गेले.

परवा माझी बहीण कारखाना बघायला आली होती. मी तिला आधी तो फळा दाखवायला नेलं.