मेणाच्या डब्यातला तुकडा

लॅबमधून तो ब्लॉक मिळवायला संघप्रियाला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या दिवशी अर्ज नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्ज होता, पण त्यावर पेशंटची सही हवी होती, आणि पेशंट करंजाड्यातल्या घरी पाय पसरून बातम्या बघत होता. तिसऱ्या दिवशी सगळं होतं, तर ब्लॉक देणारी बाई जेवायला गेली होती. कॉलेजच्या ऑफिसातली संघप्रियाची रजा अशी दुसऱ्यांच्या जेवणात संपत आली होती.

आणि ब्लॉक म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या इवल्याशा चौकटीत बसवलेली मेणाची वडी. तिच्या वडिलांच्या, मारोतीअण्णांच्या, अन्ननलिकेतून दुर्बिणीने काढलेले तांदळाएवढे तीन तुकडे त्या मेणात होते. पहिल्या रिपोर्टात कॅन्सर आहे एवढंच धड लिहिलं होतं. अन्ननलिका काढून जठर वर ओढायचं, असं मोठं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंही होतं. पण खारघरच्या हॉस्पिटलात स्लाइड तपासणाऱ्या डॉक्टर राजलक्ष्मींना शंका आली. हा नेहमीचा कॅन्सर वाटत नाही, म्हणाल्या. लिम्फोमा असू शकतो. तो अन्ननलिकेत फार क्वचित होतो, पण झाला तर त्यावर औषधं आहेत, एवढी कापाकापी लागत नाही. खात्री करायला ब्लॉकच हवा होता. दुर्बीण पुन्हा घालावी, तर मागच्या वेळी रक्त थांबता थांबलं नव्हतं.

म्हणून संघप्रियाने तो शुक्रवारी पाकिटात घालून आणला आणि घरात कुणी उगाच हात लावणार नाही अशा एकमेव जागी ठेवला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखालच्या फळीवर. शनिवारी वैशाख पौर्णिमा होती. सोमवारी सकाळी निघताना बघते, तर फळीवर नुसती उदबत्तीची राख.

"अण्णा, इथलं पाकीट कुठाय?"

"कोंचं? मेनाचं?" अण्णांनी टीव्हीवरची नजरही काढली नाही. "डब्यात टाकलं की."

परभणी सोडून अण्णांना तीस वर्षं झाली, पण त्यांचा हा डबा काही सुटला नव्हता. विहारातल्या मेणबत्त्यांची उरलेली बुडखं ते गोळा करून आणत, पौर्णिमेला वितळवून चहाच्या कागदी कपात ओतत, वर सुताची वात. मेण वाया गेलेलं त्यांना खपत नसे. आणि नेमकं त्या डब्याच्या वरच्या फळीवर तिने स्वतः, स्वतःच्या हाताने, मेणाची वडी ठेवली होती! तिला आधी अण्णांचा राग आला, मग त्याहून जास्त स्वतःचा.

"अण्णा, तो तुमचा तुकडा होता! तुमच्या आजाराचा! किती वेळा सांगितलं होतं!"

"मला वाटलं मेन हाय. चाकूनं सोडिवलं."

कचऱ्यात नंबर लिहिलेली प्लास्टिकची चौकट सापडली. मेण अर्थातच नव्हतं.

"आणि मेणबत्त्या? विहारात जाळल्या ना सगळ्या?"

"येकच झालती." अण्णा घुटमळले. "अर्धी हाय. माघारी आनली."

हे मात्र नवलच होतं. लावलेली मेणबत्ती अण्णा कधी उचलून आणत नसत. संघप्रियाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी शेवटी टीव्ही बंद केला.

"खीर वाटली. चमचाभर घेतली तर उतरंना. समदं भाईर आलं. लोकं बघत व्हती. मग फुंकर मारली, मेनबत्ती उचलली आन आलो."

"पण तुम्ही तर रोज म्हणता, जेवलो!"

"तू ऑफिसातून दमून येती," अण्णा म्हणाले.

तिने तो काळवंडलेला कप पिशवीत घातला, चौकटही घातली आणि खारघर गाठलं. कागदी कपातली अर्धी मेणबत्ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजलक्ष्मींनी चौकटीवरचा नंबर वाचला, कप उलटा करून पाहिला. "यात आणखी कुणाचा तुकडा असण्याची शक्यता आहे का?"

"नाही हो मॅडम!"

"मग बघू. आम्हीपण मेण वितळवूनच तुकडा बसवतो. जड असतो, तळाला गेला असेल. पूर्ण जळली असती तर मात्र काही उरलं नसतं."

तिनातले दोन सापडले. आठवड्याने रिपोर्ट आला: लिम्फोमाच. ऑपरेशन रद्द झालं, सलाईनमधून औषधं सुरू झाली. अण्णांचे केस गेले, तोंड आलं, आणि दर खेपेला त्यांनी नर्सपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना वैताग आणला. मेणाचा डबा संघप्रियाने कपाटात कुलूप लावून ठेवला होता, त्यावरूनही रोज कुरकुर.

तिसऱ्या सलाईननंतरच्या रविवारी तिने पातळ खीर केली. अण्णांनी चमचा तोंडात घातला. ती त्यांच्या गळ्याकडे बघत उभी राहिली. दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. वाटी रिकामी झाली.

"साकर कमी हाय," अण्णा म्हणाले.

"आयतं मिळतंय तर तेही पटत नाही!" संघप्रिया खेकसली. साखरेचा डबा आणायला ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून हुंदके देत रडली.

"आन घेऊन येताना आनखी वाटीभर आन," बाहेरून अण्णा ओरडले.