जावयाचा टर्बो

"अवो, आंघोळ करून घ्या ना! जवाईबापू कवापासून वाट पाहून राह्यले," मनकर्णाबाईंनी घरातून हाक मारली.

वासुदेवराव गाडीखाली उताणे पडले होते. त्यांच्या हातात एका वायरीचं टोक होतं. ती कुणीतरी कापली होती, आणि वर कापलेल्या तोंडाला काळी टेप गुंडाळायची हुशारीही केली होती.

गाडी जावयाची. मुकेशचं सेलूला बी-बियाणांचं दुकान, आणि डोक्यात गाडी पळवायचं वेड. दिवाळीपासून त्याने इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या टर्बोचा धोशा लावला होता. बॉनेटखाली जागा नव्हती, म्हणून वासुदेवरावांनी तो खाली, गिअरबॉक्सच्या बगलेला बसवून दिला. एरवी टर्बोमधलं तेल काम झालं की आपल्याच वजनाने खाली इंजिनच्या चेंबरमध्ये जातं. इथे टर्बोच चेंबरच्या खाली. तेल वर चढणार कसं? ते ओढायला त्यांनी विजेवरचा एक छोटा पंप लावला होता. पंप बंद पडला की टर्बो तेलाने तुंबणार, आणि ते तेल वाट फुटेल तिकडून धुराच्या तापलेल्या पाइपावर सांडणार. वायर कापली होती ती त्या पंपाची.

त्यांनी टॉर्चचा उजेड मागे नेला. पाइप डाव्या सीटखालून जात होता. तिथला पत्रा जळून काळा पडला होता.

डाव्या सीटवर कोण बसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते बाहेर आले, डावं दार उघडलं. पायाखालची मॅट वितळून गोळा झाली होती. तसेच ते घराच्या पायरीशी गेले. जावयाचे चकचकीत बूट, आणि त्यांच्या मागे लेकीच्या, आकांक्षाच्या, सॅंडल भिंतीकडे सारून ठेवलेल्या, कुणाच्या नजरेत येऊ नयेत अशा. त्यांनी त्या उलटल्या. डावीचा तळ वितळून आत गेला होता.

वासुदेवरावांच्या डोक्यात सणक गेली, आणि ती आधी स्वतःवरच गेली. नालवाडीत त्यांचं गॅरेज त्यांच्या हातापेक्षा तोंडासाठी प्रसिद्ध होतं. गिऱ्हाइकाने गाडीची हेळसांड केली की ते भर रस्त्यात त्याची खरडपट्टी काढत. दुसरं कुणी असतं तर त्याला बजावलं असतं, 'पंपाले हात लावशीन तं गाडी पेटन.' पण हा जावई! त्याच्याशी कसं बोलले होते? "बापू, जरासा आवाज येईन. जमलं तं चालूच ठेवजा." जमलं तर! साखर घोळून बोलले, आणि पोरीच्या पायाखाली आग गेली.

धोंड्याचा महिना होता. अनारसे तळून झाले होते, पाटाभोवती रांगोळी होती, आणि मुकेश नवा सदरा घालून पाटावर बसला होता. वासुदेवराव आंघोळ करून आले. मनकर्णाबाई पाणी घालू लागल्या आणि ते खाली बसून परातीत जावयाचा पाय धुऊ लागले.

"मामाजी, गाडी लय धूर करून राह्यली," मुकेश वरून म्हणाला. "सेलूत दोस्त हासतात मले. काम कच्चं झालं वाटते."

वासुदेवरावांचा हात थांबला. "वायर कोनं कापली?"

"मीच. तो पंप नुसता कुंईकुंई करे. टर्बोची शिट्टी ऐकूच ये नाई."

"आज येतानी जळल्याचा वास नाई आला?"

"आला ना. आकांक्षा कोकलून राह्यली होती, थांबा थांबा म्हनून." मुकेश हसला. "पन मांगं दोस्ताची गाडी होती. थांबतो कसा? त्यानं मले मांगं टाकलं असतं."

"आकांक्षा, इकडं ये. पाय दाखव."

"काई नाई झालं बाबा."

"दाखव म्हनतो ना!"

तिने पाऊल पुढे केलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तळवा लाल झाला होता आणि मधोमध टरारून फोड आला होता. मनकर्णाबाईंच्या हातातला तांब्या कलला. सकाळपासून पोरगी याच पायाने त्यांच्या हाताखाली अनारसे तळत होती.

वासुदेवरावांनी परात जावयापुढून ओढली आणि लेकीपुढे ठेवली. ओंजळीने तिच्या पावलावर पाणी सोडू लागले.

"अवो, जवाईबापूचा एकच पाय झाला!"

"दुसरा त्याचा तो धुईन."

मुकेशच्या ओल्या पायाचं पाणी रांगोळीत गेलं. "मामाजी, हा माहा अपमान हाय," तो उठला. "चाबी द्या माह्या गाडीची."

"चाबी भेटत नाई. पोलिसात जा. मी बी येतो संगं, पोरीचा पाय दाखवाले. आधी तो टर्बो उतरवीन, मंग गाडी घेऊन जाजो. त्या आधी रस्त्यावर आनशीन तं मीच तिचे चाकं काढीन!" लग्नानंतर पहिल्यांदाच ते त्याच्याशी गिऱ्हाइकासारखे बोलत होते. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि हात मात्र लेकीच्या पावलावर अलगद होता.

मुकेश तरातरा बाहेर गेला. दारातून ओरडला, "आकांक्षा, चाल! नाई तं राह्य इथंच कायमची."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "काऊन एवढं ताणलं जी? पोरीले तिथंच नांदाचं हाय ना."

"मी ताणलं?" वासुदेवराव कडाडले. मग लेकीकडे वळून म्हणाले, "राहाचं असन तं राह्य. तुह्यं घर हाय हे."

आकांक्षाने पाय पुसला. "जातो बाबा. दुकान, घर, समदं तिथंच हाय माहं. पन बसनं जातो." ती दारात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आयका. तुमच्या गाडीत मी आता बसत नाई. टर्बो असो का नसो."

मुकेशने काहीतरी पुटपुटत बूट चढवले आणि तो पुढे निघाला.

तिने सॅंडल पाहिली आणि तिथेच ठेवली. पायरीवर वासुदेवरावांच्या गॅरेजमधल्या चपला होत्या, तेलाने काळ्या झालेल्या, तिला दोन बोटं मोठ्या. तिने त्या घातल्या. फोडावर रबर लागलं तशी ती एकदा थबकली, मग रस्त्याला लागली.

वासुदेवराव फाटकापर्यंत गेले. वैशाख-ज्येष्ठाचं ऊन, फाटकाशी डांबर मऊ झालेलं. मोठ्या चपलांचा फटक फटक आवाज नाक्यापर्यंत ऐकू येत होता.

"आत या ना," मनकर्णाबाई मागून म्हणाल्या. "खाली पाहा, पाय भाजून राह्यले तुमचे."

"भाजू दे," ते म्हणाले, आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.