अध्यक्षांचं मत

ऑल्विन थ्रेलफॉल ब्रॅकनशॉ रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला, तो दुसरं कुणी तयार होईना म्हणून. आधीचे अध्यक्ष वारले. त्यांना माती देऊन आल्यावर चहा घेताना कमिटीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याला आता वीसएक वर्षं होऊन गेली होती.

अध्यक्ष म्हणजे शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचं. गोलसमोर साचलेल्या पाण्यात दाताळं खुपसून ते जिरवायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, खेळाडूंच्या खोलीतला बंब चालू होईपर्यंत त्याच्या पाया पडायचं. इंग्लंडातल्या लँकेशरच्या त्या डोंगराळ भागात पाऊस कधी थांबला असं व्हायचंच नाही. संध्याकाळी घरी आला की त्याची बायको एनिड त्याचे ओले मोजे ओढून काढायची, कारण त्याला वाकवत नसे.

"सोड आता," ती म्हणायची.

"कुणाच्या गळ्यात घालू?"

ती मोजे पिळून शेकोटीपुढे वाळत घालायची.

क्लब कापडगिरणीतल्या कामगारांनी काढलेला. गिरणी पाडली तेव्हा तिच्याच तुळया आणून त्यांनी प्रेक्षकांसाठी लाकडी शेड उभी केली. त्यात ऑल्विनचा बापही होता. पगारी खेळाडूंच्या मोठ्या लीगमध्ये हा क्लब कधीच नव्हता. मात्र एकदा चषकाच्या सामन्याला तिथला एक नावाजलेला संघ ब्रॅकनशॉत आला होता. ब्रॅकनशॉच्या गोलमध्ये डेसमंड होता, ऑल्विनचा शाळेपासूनचा दोस्त. पूर्वार्धातच त्याचं बोट मोडलं. बदली खेळाडू घ्यायची मुभा तेव्हा नव्हती, म्हणून तो तसाच शेवटपर्यंत उभा राहिला. ब्रॅकनशॉ एका गोलने हरलं, आणि त्या हरण्यावर गाव पुढे चाळीस वर्षं जगलं.

ऑल्विन अध्यक्ष होऊन वीसएक वर्षं झाली तेव्हा, क्लब खेळायचा त्या छोट्या लीगची माणसं मैदान बघून गेली. शेडच्या तुळया आतून कुजल्या होत्या. शेड पाडा, नवी बांधा, दिवे लावा, नाहीतर लीगमधून बाहेर पडा, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही चुकत नव्हतं. एका तुळईत ऑल्विनचं बोट सहज आत गेलं होतं.

मग टेकडीपलीकडच्या स्टॅनरिगचा निरोप आला: दोन्ही क्लब एक करू, नावात दोन्ही गावं ठेवू, खेळ आमच्या मैदानावर. त्यांच्याकडे दिवे होते, सिमेंटची शेड होती. पण स्टॅनरिग म्हणजे ब्रॅकनशॉत शिवी होती. पोरांनी भांडणात वापरायची.

कमिटी पबच्या मागच्या खोलीत बसली. बोलणं कमी, उसासे जास्त. डेसमंड मात्र उभा राहून बोलला.

"खालच्या लीगमध्ये जाऊ. गेलो तर गेलो, अगदी तळाला जाऊ. पण आपल्या मैदानावर खेळू. त्यांचा शर्ट घालण्यापेक्षा मी उघडा फिरेन."

"तेवढं नको, डेस," कुणीतरी म्हणालं. "अजून जेवायचंय आम्हाला."

लोक हसले. डेसमंड हसला नाही. हात वर झाले, तर दोन्हीकडे सारखेच. सगळ्यांनी ऑल्विनकडे बघितलं. अशा वेळी अध्यक्षाचं मत लागतं.

ऑल्विनला वाटत होतं, आपल्याला बापाची आठवण येईल, त्या चषकाच्या सामन्याची येईल. तसलं काही झालं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पुढचा शनिवार आला, आणि त्याच्या पुढचा.

"स्टॅनरिगबरोबर जाऊ," तो म्हणाला.

डेसमंडने कोट उचलला. "ती शेड तुझ्या बापाने खांद्यावर लाकूड वाहून उभारली."

"त्याचे गुडघे धड होते रे."

"बरं," डेसमंड म्हणाला आणि बाहेर पडला. त्यानंतर तो ऑल्विनशी बोलला नाही.

जुन्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला तो आलाही नाही. पहिलं वर्ष नव्या क्लबचं बरं गेलं. स्टॅनरिगवाल्यांनी ऑल्विनला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. पण टेकडी ओलांडून जाणारी बस रडतखडत चालायची, आणि ब्रॅकनशॉची माणसं हळूहळू जायची बंद झाली. मग शर्टावरून ब्रॅकनशॉचं नाव गेलं. ऑल्विनने विचारलं, तर स्टॅनरिगचा चिटणीस म्हणाला, "छपाईत मावेना हो." पुढच्या हंगामात त्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलेलं होतं. ऑल्विन घरी परतला आणि पुन्हा गेला नाही.

गावात कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या बऱ्या. लोक त्याच्याशी हवापाण्याचं बोलत आणि कामाचं आठवल्यासारखं करून निघून जात. तो विश्रांती घेईल असं एनिडला वाटलं होतं. पण शनिवारी त्याला पहाटेच जाग यायची, आणि तो गार चहाचा कप पुढे घेऊन खिडकीशी बसून राहायचा. काम गेलं तरी थकवा तिथेच होता.

एका शनिवारी दार वाजलं. डेसमंड होता. एनिडने त्याला आत घेतलं आणि स्वतः मुद्दाम दुकानात निघून गेली.

"पबात येणारी काही पोरं," डेसमंड उभ्यानेच म्हणाला. "पुन्हा क्लब काढतायत. जिल्ह्याच्या अगदी खालच्या गटात. आपल्याच मैदानावर. शेड नाही, काही नाही."

"ऐकलंय."

"अध्यक्ष हवाय त्यांना."

ऑल्विनने गार चहाचा कप बाजूला सारला. "नाही रे, डेस. माझ्यात काही उरलं नाहीये. त्या दिवशीही नव्हतं. म्हणून तसं मत दिलं मी. दुसरं काही कारण नव्हतं."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तू उघडा फिरायच्या गोष्टी करत होतास."

डेसमंड खुर्चीत बसला. "मी अजून चिडलेलोच आहे."

"असणारच."

"पण तू एकटाच दाताळं मारत होतास, तेव्हा मी पबात बसून त्या बोटाची गोष्ट सांगत होतो. तेही खरंय." त्याने कपाळ चोळलं. "अध्यक्ष मीच होईन, जा. तू नुसता बघायला तरी ये."

ऑल्विन गेला. शेड होती तिथे गवत वाढलं होतं. एनिडने दिलेली घडीची खुर्ची मांडून तो कठड्याशी बसला. सामना सुरू झाला आणि त्याच्या लक्षात आलं, अध्यक्ष झाल्यापासून या मैदानावर आपण एकही सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेला नाही. कधी बंब विझायचा, कधी चेंडू ओढ्यात जायचा, कधी पंचाला काहीतरी हवं असायचं. आता कुणी हाक मारत नव्हतं. ब्रॅकनशॉच्या डाव्या बाजूला एक लुकडा खेळाडू चांगला पळत होता. बाकीचे नुसतेच धडपडत होते.

चिखलाने माखलेला डेसमंड दोन चहा घेऊन आला आणि शेजारी गवतात बसला.

"कसं चाललंय?"

"भयंकर," ऑल्विन म्हणाला. "तो डावीकडचा सोडून."

"प्लंबर आहे तो. गुडघा दुखतोय म्हणतो."

पंचाने हात करून डेसमंडला बोलावलं. तो कण्हत उठला आणि गेला. ऑल्विन उठला नाही. दोन्ही हातांनी कप धरून, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तो खेळ बघत बसला.