धरून ठेवलेली जागा

मी शटलचा डबा. वर्ग तिसरा, रंग विटकरी, आणि सध्याचा मुक्काम एका लहानशा स्टेशनाच्या आडबाजूच्या रुळावर. हा रूळ पुढे कुठेच जात नाही. माझ्या चाकांत गवत वाढलंय आणि छपरावर कावळे बसतात. बोलायला आता मला वेळच वेळ आहे. ऐकायला थांबायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

माझा जन्म कर्नाटकातल्या एका कारखान्यातला. अस्सल सागाच्या फळ्या, लोखंडी सांगाडा आणि बाहेर उघडणारी दारं. सुतारसुद्धा काम झाल्यावर माझ्या बाकांवरून हात फिरवून बघायचे. मला वाटायचं, आपल्यात बसणारी माणसंही अशीच हात फिरवतील. ती कशी बसतात, ते पुढे कळलं. पानाची पिंक कुठे टाकतात, तेही कळलं.

लढाईच्या वर्षांत माझ्यातून पलटणी गेल्या. सातारा भागातली पोरं खाकी घालून खिडकीशी बसायची आणि बाहेर उभ्या असलेल्या आईचा हात धरायची. गाडी हलली की हात सुटायचे. जाणारे मी पुष्कळ पाहिले, येणारे त्या मानाने थोडे. डब्याला जे दिसतं तेवढंच सांगतो.

लढाई संपली तसं मला पुन्हा कारखान्यात नेलं. दोन-चार बाकं बदलली, दिव्यांच्या काचा बसवल्या, वरून रंगाचा हात मारला आणि ‘नवी गाडी’ म्हणून कराड-मिरज रस्त्यावर आणून उभं केलं. नवा होता तो रंग. दारं जुनीच, बाहेर उघडणारी. पण पहिल्या दिवशी काय तो थाट! इंजिनाला झेंडूच्या माळा, पुढे नारळ, हलगीचा कडकडाट. बायकांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं. इंजिनानं फुस्स करून वाफ सोडली तशा त्याच बायका किंचाळत मागे पळाल्या.

लोकांचा आनंद मात्र खोटा नव्हता. त्याआधी मेल गाडी लहान गावांच्या अंगावर धूर सोडून निघून जायची. मिरजेच्या दवाखान्यात जायचं तर बैलगाडी जुंपून मोठं स्टेशन गाठावं लागे, आणि परतायची खात्री नसे. आता शटल सकाळी न्यायची आणि दिवेलागणीला घरी आणून सोडायची. वांगी-मिरच्यांच्या पाट्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, कोर्टाची माणसं, हळदीच्या पेठेतले हमाल, सगळे माझ्यात कोंबून बसायचे.

माणसाची एक सवय मला तेव्हा कळली. माणसाआधी त्याचा रुमाल गाडीत चढतो. खिडकीतून रुमाल, टोपी, कधी नुसती पिशवी आत टाकायची आणि जागा धरायची. गंमत म्हणजे त्या चिंधीचा मान सगळे राखतात. एरवी हातघाईवर येणारा हमालसुद्धा रुमाल पडलेल्या जागेवर बसत नाही. आधी विचारतो, “हितं कोन हाय?”

दुसरी सवय मला पहिल्यापासून आवडली नाही. सुना बाकावर बसायच्या नाहीत. डब्यात सासरा असला, चुलतसासरा असला, नुसता भावकीतला कुणी म्हातारा असला, तरी त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली फळ्यांवर बसायच्या. वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने बसायचं कसं? बायकांचा डबा शेवटी होता, पण तिथे लेकीसुनेला एकटीला नजरेआड बसवायला कुणी तयार नसे. म्हणून बाकं पुरुषांची, आणि दाराजवळची जमीन सुनांची.

सुला अशीच माझ्या दाराजवळ बसायची.

वांगरेवाडीच्या थांब्यावर ती सासऱ्याच्या मागोमाग चढायची. सासऱ्याचं नाव नाथाजी. उसाच्या पट्टीत राबलेला, उंच, अबोल म्हातारा. त्याचा मुलगा कृष्णात लढाईवरून मांडीत गोळीची जखम घेऊन आला होता. वरून भरलेली जखम आतून चिघळली आणि त्याला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते, खाईल तर अंगात रक्त भरेल, रक्त भरलं तर पाय वाचेल, नाही तर पाय कापावा लागेल. आणि कृष्णातच्या घशाखाली दवाखान्याची पेज उतरत नव्हती. म्हणून सुला पहाटे उठून भाकरी थापायची, हुलग्याच्या पातळ माडग्याचं गाडगं फडक्यात बांधायची आणि वेताची बुट्टी मांडीवर घेऊन रोज मिरजेला जायची. शटल नसती तर हे जमलंच नसतं. त्या गाडीवर तिच्या नवऱ्याचा पाय टिकून होता.

हे मला बनुबाईकडून कळलं. ती भावकीतलीच, वयानं मोठी, सांगलीला वांगी विकायला जायची. जगातली कुठलीही गोष्ट पोटात ठेवायची नाही, असा तिचा नेम होता.

“आगं सुले, दाराला टेकू नगंस. वर बस जा. भावजींच्या शेजारी रिकामं हाय की,” बनुबाई म्हणायची.

“मामंजींच्या मांडीला मांडी लावून बसू व्हय मी?” सुला पदराआडून कुजबुजायची. “आन् समोर थोरलं मामंजी हायती.”

थोरले मामंजी म्हणजे दादासो. भावकीतला वडीलधारा माणूस. सांगलीच्या कोर्टात त्याचा वाटणीचा दावा चालू होता, म्हणून आठवड्यातले बरेच दिवस तो माझ्यात असायचा. नाथाजीच्या समोरचं बाक त्याचं.

सासरा सुनेशी थेट बोलत नाही, अशी तिथली रीत. नाथाजीला काही सांगायचं असलं की तो बनुबाईला सांगायचा. बनुबाईच्या शेजारी सुला सगळं ऐकत बसलेली असायची, तरी तिलाच. “आक्का, पोरीला म्हनावं, जरा आत सरक. वारं लागतंय.” सुला वीतभर सरकायची. पुढच्या थांब्यावर माणसं चढली की पुन्हा दाराशी यायची.

मी त्या म्हाताऱ्याला रोज बघत होतो. वळण आलं की तो तिच्याकडे बघायचा. ओठ हलायचे. मग नजर दादासोकडे जायची आणि ओठ मिटायचे. दोनच शब्द होते ते. ‘वर बस.’ सागाच्या फळीला कळले, एवढे सोपे.

गुऱ्हाळांचे दिवस आले. शिवारात जागोजाग रस कढत होता, खिडक्यांतून गुळाचा वास यायचा. अशा एका संध्याकाळी मिरजेहून परतताना, सांगली मागे पडल्यावर, सुलाचा चेहरा मी प्रथमच उघडा पाहिला. पदर मागे सरकला होता आणि तिला भान नव्हतं. “आक्का, जखम भरली. परवा न्या म्हनलं डाक्टर,” ती म्हणाली. “पाय ऱ्हातोय त्येंचा. परवा ह्याच गाडीनं आनायचं. दारात भाकरतुकडा ववाळून टाकीन, मगच घरात घीन.”

“घे गं बाय, घे,” बनुबाईनं डोळे पुसले.

नाथाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. पण त्यानं ऐकलं होतं, कारण त्याच्या मिशा हलत होत्या.

माधवनगरला हमालांचा लोंढा आत शिरला. अंगाला हळद, खांद्यावर पोती, गाडी सुटायची घाई. शेवटच्यानं दार ओढून आपटलं. कळ अर्धीच बसली, पूर्ण फिरवायला कुणाला सवड नव्हती. सुला रेटली जाऊन दाराशी गेली. तेव्हा नाथाजीनं एक गोष्ट केली. तो खिडकीच्या कोपऱ्यात सरकला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरला.

“म्हातारबा, हितं कोन हाय?” एका हमालानं विचारलं.

“हाय मानूस,” नाथाजी म्हणाला.

हमाल उभा राहिला. सुलानं रुमालाकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण रुमालावर हात ठेवून तो तसाच बसून होता. तिला कळलं. मलाही कळलं. तिनं बुट्टी सावरली आणि एक गुडघा उचलला. त्या दिवशी ती उठणार होती. तिच्या आनंदाच्या भरात ती रीतसुद्धा ओलांडणार होती.

तेवढ्यात समोरून दादासो म्हणाला, “नाथाजी, कुनाची जागा धरलीयास रं?”

दादासोच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. वाट सरत नव्हती, त्याला बोलायला काही तरी हवं होतं. पण सगळा डबा नाथाजीकडे बघायला लागला. भावकीतली माणसं होती, गावातली होती. सुनेसाठी शेजारी जागा धरली म्हणून सांगायचं?

“कुनाची न्हाई, दादा,” नाथाजी म्हणाला. “पडला हुता रुमाल.”

आणि त्यानं रुमाल उचलला.

हमाल बसला. सुला पुन्हा खाली टेकली. पाठ माझ्या दाराला लागली.

नांद्रं स्टेशन मागे पडलं. येरळा नदीच्या पुलाच्या अलीकडे रुळांना वळण आहे, तिथे मी नेहमी थोडा कलतो. दार उघडलं. किंकाळीसुद्धा आली नाही. रिकामी बुट्टी तेवढी आत राहिली आणि फळ्यांवर घरंगळत नाथाजीच्या पायाशी येऊन थांबली.

“पोरगी गेली वो!” बनुबाई ओरडली. कुणी तरी साखळी ओढली. मी पुलावर जाऊन थांबलो. माणसं कंदील घेऊन उलटी पळाली, सगळ्यांच्या पुढे नाथाजी.

तिला घोंगड्यात गुंडाळून आणलं. मग सगळी माणसं उठली आणि अख्खं बाक रिकामं झालं. माझ्या बाकावर सुला पहिल्यांदा झोपली ती अशी. नाथाजी तिच्या पायाशी खाली बसला होता आणि आता मात्र तिच्याशी थेट बोलत होता, “वर बस की गं पोरी, वर बस की गं,” वांगरेवाडी येईपर्यंत तेच.

लोक म्हणाले, दाराचा दोष. मी वाद घालत नाही. लगोलग त्या दारावर एक पाटी ठोकली, ‘दारास टेकून बसू नये.’ त्या दाराशी बसणाऱ्या एकीलाही वाचता येत नव्हतं.

कृष्णातला कुणी काही कळवलं नाही. तिला ताप आलाय, एवढंच सांगितलं आणि घरी न्यायचा दिवस थोडा पुढे ढकलला. मग एका संध्याकाळी नाथाजीनं त्याला मिरजेला माझ्यात चढवलं. काखेत कुबडी होती, पण पाय दोन्ही होते.

“आबा, ताप उतरला का तिचा?”

“बस आधी.”

त्यानं मुलाला खिडकीशी बसवलं. डोईचा पटका सोडला, घडी करून मुलाच्या शेजारी बाकावर ठेवला, आणि बोडक्या डोक्यानं स्वतः खाली बसला. दाराशी. तिच्या जागेवर. सांगलीला दादासो चढला आणि समोर बसला.

“आबा, खाली का बसलाय? वर या की. हितं जागा हाय.”

“ती धरल्याली हाय.”

“कुनाची?”

माधवनगर गेलं, नांद्रं गेलं. मी वळणावर कललो तशी नाथाजीनं एका हातानं दाराची कळ घट्ट धरली.

“तुज्या बायकूची,” तो म्हणाला. “त्या दिशीबी धरली हुती, लेका. दादानं इच्यारलं तवा मला सांगाय आलं न्हाई.”

कृष्णातनं बापाच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं, दारावरच्या पाटीकडे पाहिलं. पलटणीतला माणूस, त्याला वाचता येत होतं. त्याचा हात शेजारच्या पटक्यावर गेला आणि वांगरेवाडी येईपर्यंत तिथंच राहिला. दादासो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर तर अंधारच होता.

पुढे जखम दाखवायला बापलेक अधूनमधून यायचे. नाथाजी परत कधी बाकावर बसला नाही. दाराशी बसायचा, कळ धरून, आणि चढणाऱ्या प्रत्येक सुनेला तोंडावर सांगायचा, “वर बस, बाय.” काही बसायच्या. पुष्कळशा लाजून खालीच बसायच्या, आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणायच्या. मग तो दिसेनासा झाला. का, ते बनुबाईनं सांगितलं असतं, पण तोवर मलाच गाडीतून काढलं होतं.

आता शटलला खरोखरीचे नवे डबे लागलेत, आत उघडणाऱ्या दारांचे. मी इथे उभा आहे. दुपारी खडी टाकणाऱ्या बायका माझ्यात भाकरी खायला येतात. मुकादम बाकावर बसला की त्या खाली बसतात. दाराशी.

लवकरच मला फोडणार म्हणतात. साग अजून चांगला आहे, कुणाच्या तरी घराला उपयोगी पडेल. दार केलंत माझं, तर आत उघडणारं करा, एवढी विनवणी. आणि दुसरी तुम्हाला, जे अजून गाडीनं जाता-येता. कुणासाठी जागा धरलीत आणि चारचौघांत कुणी विचारलं, कुणाची म्हणून, तर नाव सांगा. लोक हसले तरी सांगा. पण रुमाल उचलू नका.